क्लीनर नसलेला ट्रक

जुन्या ट्रकांची मॉडेलं करणाऱ्यांच्या जगात 'वेदरिंग' या शब्दाला फार मान आहे. भाग जोडून, रंगवून झाले तरी मॉडेल पुरं होत नाही. ते नवं दिसतं, म्हणून खोटं वाटतं. मग त्यावर धूळ, तेलाचे ओघळ आणि गंज चढवायचा. रंगाच्या दोन थरांमध्ये हेअरस्प्रे मारायचा आणि वरचा थर ओल्या ब्रशनं खरवडायचा. किंवा गंजाच्या रंगावर मिठाचे खडे चिकटवून वर रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचं, की खालचा गंज उघडा पडतो. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. मीही बरीच वर्षं हेच करत आलो आणि त्याला वास्तववाद म्हणत आलो. आता त्या शब्दाबद्दल मला शंका आहे.

आधी साधं गणित. युरोपीय ट्रकांची किट बहुधा 1:24 प्रमाणात असतात. या प्रमाणात लांबी 24 पट कमी होते, पृष्ठभाग 576 पट आणि आकारमान 13,824 पट. सहा मीटरचा ट्रक 25 सेंटिमीटरचा होतो. पण मिठाचा खडा काही लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या खड्यानं पडलेला डाग खऱ्या ट्रकवर 12 मिलिमीटरचा झाला असता. लाकडाची गंमत तर याहून मोठी. हौद्याला खऱ्या लाकडाची फळी लावली, तर तिच्या रेषा प्रमाणाबाहेर जाड दिसतात. म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीवर सुईनं रेघा ओढायच्या. तिथं खरं लाकूड खोटं वाटतं आणि प्लॅस्टिक खरं. म्हणजे मॉडेलमधलं 'खरं' हे पाहणाऱ्याशी केलेल्या करारावर उभं असतं. तो पाहणारा कोण, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

मला ते विचारावं लागलं टाटा-मर्सिडीजमुळे. 1954 मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. करार 15 वर्षांचा होता. 1969 मध्ये तो संपला आणि पुढच्या गाड्यांवरची तीन टोकांची चांदणी गेली. लांब नाकाचा, गोलसर मडगार्डांचा तो एल-312 मी प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून करायला घेतला.

इथं या छंदाचा दुसरा मोठा शब्द अडला: 'फॅक्टरी करेक्ट'. कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी होती तशीच हवी. रंगाची छटा, आरशाची दांडी, सगळं. पण आपल्याकडे बहुतेक ट्रक कारखान्यातून पुरे होऊन येतच नसत. यायची ती चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग. ड्रायव्हर डोक्याला फडकं गुंडाळून, उघड्यावर बसून ती चासी चालवत न्यायचा. मग गावोगावचे बॉडीबिल्डर लाकडी केबिन, हौदा, फाळका बांधायचे. सुतार, लोहार आणि पेंटर या तिघांच्या हातून गाडी पुरी व्हायची. एकाच महिन्यात निघालेल्या दोन चासींच्या दोन वेगळ्या गाड्या होत. अशा ट्रकाचा 'मूळ' नमुना कुठून आणायचा? मी जे मूळ शोधत होतो, ते जर्मन कॅटलॉगमधलं होतं.

तरी गंज चढवलाच. मडगार्डच्या कडा खाल्ल्या, फाळक्याचा रंग उडवला, काचेवर धूळ बसवली. मनासारखं झालं, तेव्हा मामांना दाखवायला नेलं. त्यांनी तरुणपणी कोल्हापूरचा गूळ भरून मुंबईच्या खेपा केल्या होत्या. आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. मॉडेल हातात घेऊन त्यांनी खालून पाटे बघितले, मान डोलावली. मग म्हणाले, "झकास केलंयस. पण ह्याला क्लीनर न्हवता काय रे?"

मला आधी विनोद वाटला. पण त्यांचा प्रश्न सरळ होता. प्रत्येक गाडीवर एका माणसाला ठेवलेलंच असायचं आणि त्याच्या कामाचं नावच मुळी 'साफ करणारा'. तो पहाटे काच पुसायचा, घाटात चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, नट आवळायचा. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूच्या माळा चढायच्या. रंग उडाला की पेंटर पुन्हा रेघा मारायचा. माझ्या मॉडेलवर यातलं काहीच नव्हतं. मी चालता ट्रक म्हणून जो दाखवत होतो, तो टाकून दिलेला ट्रक होता.

क्लोद लेव्ही-स्त्रॉसनं 1962 च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीबद्दल एक मार्मिक गोष्ट मांडली आहे: मोठ्या वस्तूला आपण भागाभागानं भिडतो, छोट्या प्रतिकृतीत मात्र संपूर्ण वस्तू आधी कळते आणि भाग नंतर. पाहणाऱ्यापुरतं हे खरं आहे. करणाऱ्याचं उलट असतं. त्याच्यापुढे आधी क्रमांक घातलेले शंभरेक तुकडे असतात आणि ट्रक सगळ्यात शेवटी. क्लीनरही गाडी अशीच ओळखतो, नट-नट, ग्रीसच्या बोटांनी. म्हणजे करणारा आणि क्लीनर नात्यानं जवळचे. तरीही शेवटचा हात फिरवताना करणारा क्लीनरची बाजू सोडतो आणि रस्त्याकडेच्या फोटोग्राफरच्या जागी जाऊन उभा राहतो. त्या फोटोग्राफरला गंज देखणा वाटतो, कारण त्याला ती गाडी सकाळी सुरू करायची नसते.

म्हणून गंज चढवणं चूक, असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या माळावर सोडून दिलेल्या पीटरबिल्टचं मॉडेल गंजकं असणं प्रामाणिकच आहे. माझा आक्षेप सवयीला आहे. जुनं म्हणजे झिजलेलं आणि झिजलेलं म्हणजे खरं, हे समीकरण आपण किटच्या डब्याबरोबर आयात केलं. झीज दाखवायला आपण शिकलो, पण निगा दाखवण्याचं तंत्र कुणी शिकवलं नाही. खरं तर ते जास्त अवघड आहे. तीनदा रंगवलेला फाळका दाखवायचा तर जुन्या अक्षरांचा उंचवटा नव्या रंगाखालून जेमतेम कळला पाहिजे.

मी मॉडेल पुन्हा उघडलं. मडगार्डचा गंज भरून काढला. टायरांवर धूळ ठेवली, कारण गाडी चालती आहे. काचेवरच्या धुळीत फडक्याचा एक अर्धगोल पुसला, ड्रायव्हरच्या बाजूनं जरा जास्त. केबिनच्या मागं ग्रीसचा डबा आणि ठोकळा ठेवला.

एक गोष्ट मात्र जमली नाही. फाळक्यावरची अक्षरं मी छापून चिकटवली. पेंटरच्या हातचा तो जाड-बारीक फटकारा 1:24 मध्ये माझ्याच्यानं होईना. मामांनी काच बघितली, हसले. फाळक्याकडे बघून काही बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.