जोगत्याला 'आला' म्हणावे की 'आली'?

गेल्या नाताळाच्या आठवड्यात एक जोगता परडी घेऊन आमच्या दारी उभा राहिला. शेजारच्या वृद्ध बाईंनी सहज विचारले, "या, चहा घेणार का?" पुढे ही हकीकत घरी सांगताना मात्र आम्ही 'आला' आणि 'आली' यांच्यामध्ये अडखळलो. शब्द पुल्लिंगी, नेसण साडीची!

राजन गवस यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्याच मातीतून 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांवर बेतलेला राजीव पाटील यांचा 'जोगवा' हा चित्रपट २००९ साली आला. त्यातील तायाप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता. देवीला सोडल्यामुळे साडी नेसावी लागलेल्या पुरुषाची घुसमट त्यांनी डोळ्यांतून दाखविली आहे. परंतु चित्रपटाचा सारा ओढा तायाप्पाला त्याचे पुरुषपण परत मिळावे याकडे आहे. ज्याला साडीतच आपण गवसतो, त्याच्यासाठी या कथेत जागा नाही. ही उणीव आम्हांस लहान वाटत नाही.

ती भरून काढते लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे २०१२ सालचे आत्मकथन, 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'. आजवर शिवीसारखा फेकला गेलेला शब्द येथे मुखपृष्ठावर मिरविला आहे. 'तृतीयपंथी' हा सभ्य पर्याय हाताशी होताच. पण पहिला आणि दुसरा पंथ कोणता, हे त्या शब्दाच्या कर्त्यांनी कधी सांगितले आहे काय? अलीकडे 'पारलिंगी' रुळू पाहत आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगास मान्यता दिली खरी, मात्र हाक कशी मारावी हे न्यायालय शिकवू शकत नाही.

अमेरिकेतील लॅटिन वंशाच्या समाजातही, ज्यात आपले कॅथलिक बांधव मोठ्या संख्येने आहेत, असाच वाद रंगला. 'लॅटिनो' पुरुषवाचक, 'लॅटिना' स्त्रीवाचक. म्हणून काहींनी 'लॅटिनेक्स' काढले. स्पॅनिश जिभेला ते बोचले, तेव्हा 'लॅटिने' पुढे आले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'लॅटिनेक्स' स्वतःसाठी वापरणारे शंभरात तीनच निघाले. विद्यापीठात रुळलेला शब्द स्वयंपाकघरात पोहोचला नाही.

मराठीला तिसरे लिंग आयतेच आहे, असे कुणी सुचवील. पण त्याचे नावच नपुंसक! लेकराला शोभणारे 'ते' मोठ्या माणसास लावले की त्याची वस्तू होते. खरी सोय दुसरीकडे आहे. 'आम्ही आलो' हे स्त्रियाही म्हणतात, पुरुषही. 'आपण आलात' म्हणताना समोरच्याचे लिंग विचारावे लागत नाही. अडचण येते ती माणूस निघून गेल्यावर, त्याच्याविषयी बोलताना.

तेथे आम्ही लक्ष्मींच्या बाजूचे आहोत: ज्याने त्याने स्वतःसाठी जे क्रियापद निवडले, तेच इतरांनी वापरावे. मात्र तायाप्पाला ती निवड कुणी दिलीच नव्हती. म्हणून ही दोन्ही पुस्तके-चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकाच 'तृतीयपंथी' शब्दाखाली दोघांना कोंबणारी समीक्षा आम्हांस मान्य नाही. दारी आलेल्या त्या जोगत्याला यांपैकी काय लागू पडते, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस त्या दिवशी झाले नाही. चहा मात्र झाला.