डंजन : बुरुजावरून तळघरात

इंग्रजी कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे वाचताना एक शब्द हटकून भेटतो – ‘अंधारकोठडी’. मुळात तिथे ‘डंजन’ असते. किल्ला आला, कैदी आला, म्हणजे जमिनीखालची ओली खोली, गंजलेली साखळी आणि उंदीर हे ओघाने आलेच! रूपांतरकाराचा हात क्षणभरही अडखळत नाही. माझे म्हणणे एवढेच, की तो कधी कधी अडखळायला हवा.

ह्या शब्दाचे कूळ मोठे खानदानी आहे. लॅटिनमध्ये ‘डॉमिनस’ म्हणजे धनी, स्वामी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘दोंजों’ झाला. दोंजों म्हणजे गढीतला सर्वांत उंच, सर्वांत बळकट बुरूज. धन्याच्या सत्तेची खूण. फ्रेंच माणूस आजही ह्याच अर्थाने तो शब्द वापरतो. पॅरिसजवळच्या व्हॅन्सेन येथे १४व्या शतकातला असा बुरूज उभा आहे. त्याची उंची सुमारे ५० मीटर आहे. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द बालेकिल्ला. त्यातला ‘बाला’ फारसी, अर्थ ‘वरचा’. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना हे न शिकवता कळते. महाराजांना ती सर्वांत उंच जागी बसवतात.

आता चॉसरची गोष्ट पाहा. १४व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सरदाराने सांगितलेली एक कथा आहे. पॅलामन आणि आर्साइट हे दोघे मावसभाऊ, थीब्जचे तरुण, अथेन्सच्या थीसियसचे कैदी. त्यांना ठेवले आहे त्या बुरुजाला चॉसर किल्ल्यातला मुख्य ‘डंजन’ म्हणतो. मे महिन्यातल्या एका सकाळी पॅलामन पहारेकऱ्याच्या परवानगीने वरच्या खोलीत येरझारा घालीत असतो. तिथून सारे शहर दिसते, भिंतीला लागून असलेली बाग दिसते आणि बागेत फुले वेचणारी एमिली दिसते. पुढचे प्रेम, भावाभावांतले वैर आणि एकाचा मृत्यू, हे सगळे त्या एका खिडकीतून निघाले. इथे कोणी ‘अंधारकोठडी’ लिहिली, तर खिडकी बुजली आणि कथाच संपली! कोशात पाहून निवडलेला एक शब्द सबंध काव्याचा प्राण असा घेऊ शकतो.

मग हा बुरूज जमिनीखाली गेला कसा? जाड भिंतींची जागा कैदी ठेवायला सोयीची, हे उघडच आहे. लंडनच्या टॉवरचा पहिला प्रसिद्ध कैदी, बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड, ११०० मध्ये तिथे कोंडला गेला. पुढच्याच वर्षी तो दोराने खिडकीतून उतरून पळाला. तो दोर मद्याच्या भांड्यातून आत आला होता, असे सांगतात. म्हणजे हाही कैदी वरच! पुढे धनी अधिक सुखसोयींच्या वाड्यांत राहायला गेले, बुरुजांत कैदी उरले, आणि इंग्रजीत शब्द हळूहळू कैद्यांचा झाला.

त्याला पुरते खाली ढकलले ते अद्भुताच्या नादी लागलेल्या लेखकांनी. १८१६ मध्ये बायरनने शियोंच्या किल्ल्यातल्या बंदिवानावर काव्य लिहिले. स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’त म्हाताऱ्या आयझॅकला टाकतात ती डंजन खंदकाच्या पातळीच्याही खाली आहे, तिथे बेड्यांत अडकलेली जुनी हाडेसुद्धा आहेत. प्रसंग जबरदस्त आहे, मला तो आवडतो. पण त्यानंतर वाचकांना प्रत्येक किल्ल्याखाली असेच काही हवेसे वाटू लागले. प्रवाशांना हौसेने दाखवल्या जाणाऱ्या अशा पुष्कळशा विहिरी मुळात शौचकूप होत्या, असे फ्रेंच वास्तुज्ञ व्हियोले-ल-द्यूक ह्याने १९व्या शतकातच बजावले होते. ऐकतो कोण? १९७४ पासून तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळाने ह्या शब्दाचा भुलभुलैया केला आहे. आजच्या मुलांच्या डंजनमध्ये कैदी असलाच पाहिजे असे नाही. राक्षस आणि खजिना असला म्हणजे झाले.

शब्दांनी अर्थ बदलू नयेत, असे मी म्हणणार नाही. आपला ‘तुरुंग’ पोर्तुगिजांच्या ‘ट्रोंको’वरून आला असे मानतात. ट्रोंको म्हणजे झाडाचे खोड, आणि कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी खोडाही. मराठीतही खोडावरूनच खोडा! दोन भाषांनी एकाच ओंडक्यात माणूस अडकवला. अशा वाटचालीची मौज वाटते.

म्हणून स्कॉटच्या पानावर ‘अंधारकोठडी’ खुशाल लिहावी, चॉसरच्या पानावर ‘बुरूज’. मात्र ‘अंधारकोठडी’त एक गोष्ट हरवते, तिची मला हळहळ वाटते. ‘डेंजर’ हा शब्दही त्याच ‘डॉमिनस’च्या कुळातला, जुना अर्थ धन्याची सत्ता, त्याच्या हातात सापडणे. धन्याचा महाल, त्याचा धाक आणि त्याची कोठडी ही तिन्ही एकाच घरची आहेत, हे इंग्रजीने नकळत जपून ठेवले आहे. आपण मात्र कोठडीतला अंधार तेवढा उचलला. ती कोणाच्या घरात होती, हे सांगायचे राहून गेले.