छंद आधी, हुद्दा नंतर

दिवाळीच्या फराळाला पाहुणे जमले, की चकलीची तारीफ संपता संपता बोलणे मुलांच्या नोकऱ्यांकडे वळते. कोणाचा मुलगा संगणकात आहे, कोणाची सून बंगळुरूला आहे, कोणाला किती पगार मिळाला, हा हिशेब आता घरोघर चालतो. एवढी घरे ज्या धंद्यावर उभी आहेत, त्या धंद्यातील माणसाचे जिणे मराठी साहित्यात कितीसे उतरले आहे? नटांची, पुढाऱ्यांची, समाजसेवकांची आत्मचरित्रे आपल्याकडे पुष्कळ. सॉफ्टवेअरच्या माणसाची फारच थोडी. म्हणूनच अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ मला मोलाचे वाटते. आणि मोलाचे वाटते, तेव्हा त्याच्याविषयी भीड न ठेवता बोलणेही आलेच.

गोडबोले मूळचे सोलापूरचे. मुंबईच्या आय.आय.टी.तून त्यांनी 1972 साली रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली. आता एखादी बरी नोकरी धरावी की नाही? पण हा गृहस्थ पोहोचला शहाद्याला, म्हणजे त्या वेळच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यात. तेथे जमिनी गमावलेल्या भिल्लांचा लढा चालू होता. त्या पायी त्यांनी दहा दिवसांचा तुरुंगवासही पत्करला. सॉफ्टवेअर आले ते त्यानंतर. मग मात्र तीस वर्षांहून अधिक काळ ते त्या क्षेत्रात रमले. पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांतून थेट वरिष्ठ पदांपर्यंत चढले. आणि शेवटी ती खुर्चीही सोडून मराठीत पुस्तके लिहू लागले.

या पुस्तकाचा पूर्वार्ध मला अतिशय आवडला. मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा आय.आय.टी.त येतो आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात एकाएकी मुका होतो. ही व्यथा महाराष्ट्रातील हजारो घरांनी भोगली आहे. पण ती इतक्या प्रांजळपणे फार थोड्यांनी सांगितली असेल. पुढे तोच मुलगा पुस्तके, गाणे आणि मित्रांचे वादविवाद यांच्या बळावर उभा राहतो. शहाद्याच्या प्रकरणातही लेखक स्वतःची आरती ओवाळत नाही. सुशिक्षित माणसाला आपले अज्ञान कळते तो क्षण नेहमीच वाचनीय असतो.

उत्तरार्धात मात्र माझी तक्रार आहे. कंपन्या येतात, देश येतात, हुद्दे येतात. पण प्रत्यक्ष काम मला दिसत नाही. आमच्या कर्नाळ्याच्या अभयारण्यात रविवारी पनवेल-खारघरकडची पुष्कळ मंडळी दुर्बिणी घेऊन येतात. त्यांत दोन जाती असतात. एक, दिवसभरात किती पक्षी पाहिले त्याची यादी सांगणारे. दुसरे, पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याच्या काठच्या मातीत बीळ कसे कोरतो, चोचीत भक्ष्य धरून आत कसा शिरतो, हे सांगणारे. पहिल्यांचे ऐकून आपण मान डोलावतो. दुसऱ्यांचे ऐकून आपल्याला पक्षी दिसतो. ‘मुसाफिर’चा पूर्वार्ध दुसऱ्या जातीचा आहे, उत्तरार्ध बराचसा पहिल्या जातीचा.

कोणी म्हणेल, कुंभाराचे चाक फिरताना दिसते, सुताराचा रंधा ऐकू येतो. सॉफ्टवेअरचे काम दिसणार कसे? अडचण खरी आहे. पण एक चुकीचे चिन्ह शोधण्यात रात्र घालवणे, ते सापडल्यावरचा हलकेपणा, परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली तारीख जवळ येताना पोटात उठणारा गोळा, यांत नाट्य नाही असे कोण म्हणेल? ज्या लेखकाने ऑपरेटिंग सिस्टिम्सवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि ‘किमयागार’मधून विज्ञान मराठी घरांत नेले, त्याच्याकडेच ही मागणी करावीशी वाटते. ज्याला जमणार नाही, त्याच्याकडे कोण मागेल?

मात्र एका ठिकाणी टीकेची लेखणी खाली ठेवावी लागते. आपल्या स्वमग्न मुलाविषयी गोडबोले लिहितात, तेथे भाषेतला डौल आपोआप गळून पडतो. पदवी, हुद्दा, विमानप्रवास यांतले काहीच त्या घरात कामाला येत नाही. कामाला येते ती फक्त माया आणि चिकाटी.

आता या पुस्तकातून आईबापांनी काय घ्यावे? बहुतेकजण एवढेच घेतात, की आधी मोठे पद मिळवावे, मग सावकाश गाणे ऐकावे, पुस्तके लिहावीत. मला हे वाचन उलटे वाटते. गोडबोल्यांचे गाणे आणि वाचन हुद्द्याच्या आधीचे आहे. ‘नादवेध’, ‘अर्थात’, ‘मनात’ ही पुस्तके निवृत्तीनंतरच्या फावल्या वेळेची करमणूक नव्हे; ते जुन्या कर्जाचे व्याज आहे. छंद आधी रुजला होता, म्हणूनच नोकरी त्याला गिळू शकली नाही.

आमच्या मुलखाला हे नवे वाटू नये. कर्नाळ्याच्या वाटेवरच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आज त्यांना कारकून म्हणून कोण ओळखतो? तुलना करीत नाही, दाखला देतो. आणि आणखी एक गंमत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस 1968 साली सुरू झाली आणि कर्नाळ्याचे रान पक्ष्यांसाठी राखले गेले तेही त्याच वर्षी. एकीकडे नव्या धंद्याचा पाया पडत होता, तर दुसरीकडे त्या धंद्यातल्या माणसांना पुढे श्वास घ्यायला जागा राखली जात होती.

तेव्हा यंदा फराळाच्या वेळी मुलाचा पगार जरूर विचारा. पण त्याच दमात, तो सध्या काय वाचतो, काय ऐकतो, कशाच्या मागे उन्हातान्हात हिंडतो, हेही विचारा. त्यावर तो गप्प राहिला, तर ‘मुसाफिर’ त्याच्या हाती द्या. आणि पूर्वार्ध मात्र सावकाश वाचायला सांगा.