प्रवासकाळाचे अंदाज आणि ते सांगणारी साधने

एका शहराहून दुसऱ्या शहरी पोहोचण्यास किती वेळ लागेल, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी स्टेशनमास्तर देत असे. किंवा घरातील एखादे वडीलधारे गृहस्थ देत, ज्यांच्या उशाशी रेल्वेचे वेळापत्रक कायम असावयाचे. आज हे काम मोबाइलमधील साधनांकडे गेले आहे. ग्रंथाचे व नाटकाचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे; या साधनांचे तसे परीक्षण कोणी करीत नाही. वास्तविक त्याची गरज अधिक आहे. ग्रंथ सुमार निघाला तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. प्रवासकाळाचा अंदाज चुकला तर काय जाते, हे परमुलखात राहणाऱ्या कुटुंबांस सांगावयास नको.

भोपाळातील मराठी व कोंकणी घरांचेच उदाहरण घ्यावे. आप्तेष्ट नागपूर, इंदूर, पुणे, बेळगाव येथे विखुरलेले. कुलदैवत मंगेशी, कवळे किंवा म्हार्दोळ येथे. जत्रेचा दिवस ठरलेला असतो आणि पालखी कोणासाठी थांबत नाही. ते एक वेळ राहू द्या. नागपुरास वडील निवर्तले आणि मुलगा भोपाळास आहे. तिकडून एकच प्रश्न येतो : केव्हा पोहोचाल? मुलगा मोबाइल पाहून आकडा सांगतो, आणि त्या आकड्यावर भटजी, शेजारी व आप्त अंत्यविधीची वेळ ठरवितात. असा आकडा कोणत्या साधनातून घ्यावा व त्यावर किती भार टाकावा, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

या साधनांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाजवळ फक्त रस्त्यांचा नकाशा असतो. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी सिद्ध केलेला नकाशा; त्यावर चालणारी काही मोफत गणकयंत्रे प्रत्येक जातीच्या रस्त्यास एक ठरावीक वेग लावतात आणि अंतरास त्याने भागतात. वाहनांची दाटी, पाऊस, वरात यांचा त्यांस पत्ता नसतो. दुसऱ्या वर्गात गूगल मॅप्स येते. रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य मोबाइलांच्या स्थानावरून ते प्रत्यक्ष वेग जाणते, मागील आठवड्यांच्या व महिन्यांच्या अनुभवाशी तो ताडून पाहते, आणि आपण पुढच्या टप्प्यावर पोहोचू तेव्हा तेथे काय स्थिती असेल याचे भाकीत करते. या भाकितात डीपमाइंड या संस्थेच्या गणितपद्धतीचे साहाय्य घेतल्याचे 2020 साली जाहीर झाले. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे स्वदेशी साधनही वाहतुकीची ताजी माहिती देते. तिसरा वर्ग आगगाडीचा. रेल्वेची स्वतःची राष्ट्रीय गाडी चौकशी प्रणाली गाडी कोठे आहे व किती उशिराने धावते हे सांगते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे लोकप्रिय साधन प्रवाशाच्या मोबाइलला भेटणाऱ्या मनोऱ्यांवरून गाडीचे ठिकाण ओळखते, म्हणून इंटरनेट नसतानाही चालते. ते काढणारी संस्था 2018 साली गूगलने विकत घेतली.

आता ही साधने भोपाळ-नागपूर मार्गावर तपासून पाहू. सडकेने हे अंतर सुमारे 350 किलोमीटर आहे. ओबेदुल्लागंज सोडल्यावर रस्ता रातापानीच्या अरण्यातून जातो, ज्यास 2024 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नर्मदा ओलांडून इटारसीनंतर सातपुड्याचा घाट लागतो, मग बैतूल, मुलताई, पांढुर्णा. पहिल्या वर्गातील साधनास अरण्यातील रस्ता आणि मोकळा चौपदरी मार्ग यांतील भेद नकाशावर जेवढा नोंदलेला असेल तेवढाच कळतो. दुसऱ्या वर्गातील साधन येथे सरस ठरते, यात शंका नाही. परंतु त्यातही दोन उणिवा राहतात. ते जो काळ सांगते तो चाक फिरण्याचा काळ होय. चहा, जेवण, इंधन व लहान मुलांची निकड यांचा त्यात अंतर्भाव नसतो. शिवाय घाटात ट्रक उलटला, तर ती वार्ता मागील वाहने खोळंबल्यानंतरच साधनास कळते. जो सकाळी घरी बसून आकडा पाहतो त्यास दुपारच्या अपघाताचे ज्ञान कोठून होणार?

गोव्याच्या प्रवासात हा प्रश्न अधिक खोल जातो. भोपाळहून गोवा एक्सप्रेस इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव व लोंढा या वाटेने जाते आणि कॅसलरॉकखाली 37 फुटांस एक फूट अशा चढणीचा घाट उतरून गोव्यात शिरते. मंगला एक्सप्रेस कोंकण रेल्वेच्या मार्गाने मडगावास पोहोचते. या कोंकण रेल्वेची एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका असल्यामुळे ती गाड्यांचा वेग कमी करते व त्या काळापुरते निराळे वेळापत्रक छापते. म्हणजे ऋतूनुसार सत्य बदलते, हे ती आधीच कबूल करते. जानेवारीत पाहिलेला आकडा मनात धरून श्रावणात निघणाऱ्या माणसाने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट सामान्य प्रवाशास ठाऊक नसते. रेल्वे आपल्या वेळापत्रकात काही मिनिटे राखून ठेवते आणि ती बहुधा शेवटच्या टप्प्यांत घालते. त्यामुळे मधल्या स्थानकावर वीस मिनिटे उशिरा आलेली गाडी अखेरच्या स्थानकावर वेळेवर पोहोचलेली आढळते. मधेच उतरणाऱ्या प्रवाशास या राखीव मिनिटांचा लाभ मिळत नाही. दिल्लीकडून येणाऱ्या गाडीस भोपाळ हे बहुधा मधले स्थानक असते. म्हणून येथील मंडळींनी गाडीच्या एकंदर कीर्तीकडे न पाहता आपल्या स्थानकावरचा तिचा महिनाभराचा इतिहास पाहावा. भोपाळ म्हणजे कोणते स्थानक, हेही तपासावे. भोपाळ जंक्शन, 2021 पर्यंत हबीबगंज म्हणून ओळखले जाणारे राणी कमलापती आणि पूर्वीचे बैरागढ म्हणजे संत हिरदाराम नगर, ही तिन्ही स्थानके एकाच शहराची. पण कोलार मार्गावरून त्यांपैकी प्रत्येकास लागणारा वेळ निराळा.

आमचा व्यवसाय वकिलीचा. म्हणून साक्षीदार पारखण्याची रीत येथे लावून पाहण्याचा मोह आम्हांस होतो. तज्ज्ञाचे मत न्यायालय ऐकते. पण ते मत ज्या कारणांवर उभे आहे ती कारणेही प्रस्तुत मानते. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील 51 व्या कलमाचे हे तत्त्व आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. ही साधने मात्र कारण न देता आकडा देतात, आणि तोही मिनिटापर्यंत. ‘सहा तास सतरा मिनिटे’ असे वाचले की त्या सतरा मिनिटांमुळेच सहा तासांवर विश्वास बसतो! वास्तविक गूगल मॅप्समध्ये निघण्याची वेळ आधी नोंदविली तर ते पुष्कळदा ‘इतके ते इतके तास’ अशी मर्यादा दाखविते. हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे, परंतु ते मागणारे थोडे.

अंदाज आणि वचन यांतील भेदही पाहावा. सर्वोच्च न्यायालयासमोर 2021 साली एक प्रकरण आले होते. अजमेर-जम्मू गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचली व एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. विलंबाची जबाबदारी आमच्या नियमांत नाही, असा रेल्वेचा बचाव होता. उशिराचे समर्थनीय कारण दाखविता न आल्यास भरपाई द्यावी लागेल, असा निर्णय न्यायालयाने दिला. छापील वेळापत्रक हे अशा रीतीने काही अंशी वचन ठरले. मोबाइलमधील अंदाज तसा नव्हे. तो चुकला तर तक्रार कोणाकडे करावी, हे वापरणाऱ्यास माहीत नसते. आणि जेथे उत्तरदायी कोणी नाही तेथे सावधगिरीचा भार आपल्यावरच येतो.

हा भार किती, हे 2024 च्या दोन घटनांवरून दिसते. नोव्हेंबरात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेत कोसळली व तिघांचा अंत झाला. मोटार वाटाड्या साधनाच्या भरवशावर चालली होती, असे वृत्त प्रसिद्ध झाले. डिसेंबरात उत्तरेकडून गोव्यास निघालेल्या एका कुटुंबास अशाच जवळच्या वाटेने खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात नेऊन सोडले व रात्र तेथेच काढावी लागली. वेळ वाचविणाऱ्या वाटेचा मोह दोन्हीकडे सारखाच दिसतो.

यावर कोणी म्हणेल की ही साधने नसताना आपले काय चालले होते? आक्षेप रास्त आहे. स्टेशनमास्तरास पुढच्या स्थानकापलीकडचे कळत नसे, आणि वडीलधाऱ्यांचे वेळापत्रक पुष्कळदा मागील वर्षाचे असे. आम्ही साधने टाकून द्या असे म्हणत नाही. त्यांची निवड कामाप्रमाणे करावी, एवढेच आमचे म्हणणे. महिनाभर आधी जत्रेचा बेत आखणाऱ्यास ताज्या वाहतुकीचा काही उपयोग नाही. त्याने वेळापत्रक, ऋतू व त्या गाडीचा पूर्वेतिहास पाहावा आणि एक दिवस आधी पोहोचण्याचे ठरवावे. आज मोटारीने निघणाऱ्याने ताजी माहिती देणारे साधन घ्यावे, त्यात दर दोन तासांमागे पंधरा-वीस मिनिटे विसाव्याची मिळवावी, आणि अनोळखी आडवाट दाखविली तर ती नाकारावी. गोव्यापर्यंतची 1,000 किलोमीटरांहून अधिक अंतराची मोटार एका दमात हाकता येईल असे यंत्राच्या बेरजेवरून मानू नये. यंत्रास झोप येत नाही. गाडीत बसलेल्याने रेल्वेच्या प्रणालीकडे पाहावे, आणि वाट पाहणाऱ्यांसही तेच पाहावयास सांगावे.

आणि ज्या प्रसंगी पलीकडे माणसे एका उत्तरासाठी खोळंबली असतात, त्या प्रसंगी मोबाइलवरचा सर्वांत लहान आकडा सांगू नये. मुलाने ‘दोन वाजता येतो’ असे न सांगता ‘चारपर्यंत धरा, वाटेत बैतूलहून पुन्हा कळवितो’ असे सांगावे. तिकडे बसलेली वृद्ध आई दोन तास दाराकडे पाहत राहण्याचे त्यामुळे टळेल, आणि मुलासही घाटात मोटार जिवावर उदार होऊन पळवावी लागणार नाही.