भाकीत, प्रारब्ध आणि 'स्मृतिचित्रे'ची निवेदिका

नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत 1893 साली नारायण वामन टिळकांना एक अनोळखी युरोपीय प्रवासी भेटतो, त्यांच्याशी काव्यावर बोलतो, 'नव्या करारा'ची प्रत हाती ठेवतो आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून जातो. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.  हा प्रसंग खरोखर असाच घडला काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत नाही. भाकीत खरे ठरल्याचे सांगणाऱ्या संहितेत मानवी संकल्पाला कोणती जागा उरते, एवढाच येथील प्रश्न आहे.

पूर्वनियती आणि संकल्पस्वातंत्र्य यांचा वाद ख्रिस्ती धर्मविचारात ऑगस्टीन-पेलेगियसपासूनचा. मराठीत त्याचे वारे दोन दिशांनी आले. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट होते. ईश्वरी कृपा आणि मानवी संकल्प यांवरून जेझुइट व डॉमिनिकन यांच्यात पेटलेला वाद पोप पाचवे पॉल यांनी 1607 मध्ये निर्णय न देताच थांबवला, आणि 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. संकल्पाची बाजू राखणाऱ्या संघातला हा कवी होता. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांचा वारसा मात्र कॅल्विनचा. त्या परंपरेत तारणासाठी कोणाची निवड झाली, हे विश्वोत्पत्तीपूर्वीच ठरलेले असते.

हा विचार मराठीत उतरताना शब्दांचीच अडचण होते. हेमलकशाच्या परिसरातून आलेल्या, घरी माडिया बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना 'प्रारब्ध' हा शब्द फोडून सांगावा लागतो. आणि फोडू लागले की आपल्यालाही तो नव्याने कळतो. प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ. ते टळत नाही, पण ते ज्याचे त्याचे असते. कर्ता आणि भोक्ता एकच. कॅल्विनची निवड कर्मनिरपेक्ष असते. तिच्यात माणसाचे आधीचे काहीही जमेस धरलेले नाही. म्हणजे दोन्हीकडे 'आधीच ठरलेले' असले तरी ठरवणारा वेगळा आहे. टिळकांच्या धर्मांतराविषयी 'योग होता' असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा ख्रिस्ती अनुभवाला नकळत कर्मविपाकाच्या चौकटीत बसवत असतो.

धर्मांतराचे आत्मकथन हा वाङ्मयप्रकार मुळातच पूर्वनियतीला अनुकूल आहे. शेवट ठाऊक असलेला निवेदक मागे वळून पाहतो आणि विखुरलेल्या घटना एका दिशेने जाऊ लागतात. बाबा पदमनजी यांच्या 1888 मधील 'अरुणोदय' या आत्मचरित्राच्या शीर्षकातच ही दिशा आहे, कारण एकदा फटफटले की सूर्य उगवायचा थांबत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (1934 पासून चार भागांत प्रसिद्ध) ही दिशा मोडते, असे माझे प्रतिपादन आहे. आगगाडीच्या त्या डब्यात निवेदिका नव्हती. भाकीत तिच्यापर्यंत ऐकीव येते, आणि ते खरे ठरणे म्हणजे तिच्या संसाराची मोडतोड. त्यामुळे टिळकांच्या लेखी जे बोलावणे, ते तिच्या लेखी संकट. एकाच घटनेचे हे दोन अर्थ ग्रंथात शेजारी शेजारी राहतात. निवेदिका त्यांचा मेळ घालण्याची घाई करीत नाही. विरहाची वर्षे, पंढरपूरचा मुक्काम, नंतर अहमदनगरला येऊनही वेगळे बिऱ्हाड करून सांभाळलेले सोवळे ही पाने वाचताना पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, पण त्या पानांतल्या बाईला ते ठाऊक नसते. लेखिका तिच्यावर आपले नंतरचे ज्ञान लादत नाही. विनोद येथे त्याच कामी येतो: स्वतःच्या हट्टाला हसणारी निवेदिका तो हट्ट खराच होता हेही मान्य करते.

वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने सुरू होणाऱ्या या ग्रंथात तिचा स्वतःचा निर्णयही सोवळ्याच्याच मुद्द्यावर होतो. जातिभेद ईश्वराचा नव्हे, माणसाचा, असे तिचे तिला पटते आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला हरकत उरत नाही. सिद्धान्त पुढचा, पाणी आधीचे. 1900 मधील तिचा बाप्तिस्मा पतीच्या पावलावर पाऊल टाकणे होते, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम पुन्हा तपासावा. आपल्या समीक्षेने लक्ष्मीबाईंच्या 'निर्व्याज साधेपणा'चे इतके कौतुक केले आहे की विचार करून ठरवणारी स्त्री त्या कौतुकाखाली झाकली गेली. साधेपणाला संकल्प लागत नाही, असे आपण का गृहीत धरतो?

भाकिताचे दुसरे टोक 1917 मध्ये सापडते. त्या वर्षी मिशनची नोकरी सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. निवडलेल्यांची यादी बंद असते, हा विचार या रचनेत टिकत नाही. प्रवाशाची दोन वर्षांची मुदत आपण बाप्तिस्म्याच्या तारखेवरून मोजतो आणि ती पुरी झाली म्हणतो. पण बावीस वर्षांनी ज्याच्याविषयी भाकीत होते त्यानेच ते माप बाजूला ठेवले. मग 1893 मध्ये त्या डब्यात नेमके कशाचे भाकीत झाले होते, हे 'स्मृतिचित्रे'ही सांगत नाही.