द्रुतक्रीडा आणि संहिता

जुना व्हिडिओ खेळ अल्पतम वेळात संपविण्याची जी स्पर्धा 'स्पीडरन' या नावाने जगभर रूढ झाली आहे, तिला मराठीत 'द्रुतक्रीडा' म्हणावयास हरकत नसावी. तिच्यावरील मुख्य आक्षेप असा, की कर्त्याने योजिलेला प्रवास डावलून केवळ शेवट गाठणे म्हणजे कादंबरीचे अखेरचे पान पाहून ती वाचल्याचा दावा करणे होय. आक्षेप सकृद्दर्शनी पटतो. निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळात ३२ टप्पे आहेत. द्रुतक्रीडक त्यांतील केवळ ८ खेळतो. तथापि हे आडमार्ग कर्त्यांनीच ठेविलेले आहेत. खरा प्रश्न कर्त्यांनी न ठेविलेल्या मार्गांचा आहे.

चौथ्या विभागातील दुसरा टप्पा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथे एका नळातून उतरले असता नाण्यांची कोठडी लागते. वेलीवरून चढून गेले असता आठव्या विभागाकडे नेणारी जागा लागते. दोन वाटा, दोन मुक्काम. परंतु नळाने कोठे न्यावे हे नळाच्या ठायी नमूद नसते. पडदा किती सरकला आहे त्यावरून आज्ञावली ते ठरविते. निष्णात क्रीडक मारिओला पडद्याच्या मध्यापासून जरासा पुढे काढतो आणि पडदा पुरेसा सरकण्यापूर्वीच नळात शिरतो. मग नळ त्याला वेलीच्या मुक्कामी पोचवितो. भाषेत 'येथे', 'तो', 'उद्या' या शब्दांचा निर्देश जसा प्रसंगावरून ठरतो, तसाच हा प्रकार होय. कर्त्याची विवक्षा एक, संहितेचा वाच्यार्थ दुसरा. द्रुतक्रीडक वाच्यार्थाला धरून चालतो. त्याने पाने गाळली म्हणावे, तर इतक्या बारकाईने एकेक अक्षर वाचणारा वाचक दुसऱ्या कोणत्या कृतीला लाभतो?

वेळेच्या मोजणीतही हेच दिसते. शेवटचा टप्पा वगळता या खेळात टप्पा संपल्याची दखल दर २१ फ्रेमनंतरच घेतली जाते. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम या हिशेबाने हे अंतर ०.३५ सेकंदाचे होते. क्रीडकांत यासाठी बसगाडीचा दृष्टान्त प्रचलित आहे. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून सुटून अंबरनाथ स्थानकाकडे धाव घेणाऱ्यास मात्र लोकलचा दृष्टान्त पुरे. फलाटावर दोन मिनिटे आधी पोचल्याने लोकल आधी सुटत नाही. क्षणभर उशीर झाला तर मात्र पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणूनच येथील विक्रम कणाकणाने सुधारत नाहीत, पायरीपायरीने सुधारतात. ४ मिनिटे ५५ सेकंदांची मर्यादा 'निफ्टस्की' या टोपणनावाच्या क्रीडकाने प्रथम ओलांडली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे खेळ निघाल्यानंतर ३५ वर्षांनी.

संहितेवरील या निष्ठेचा एक परिणाम असा, की साक्षीपुराव्याचे मोल बदलले. 'ड्रॅगस्टर' (१९८०) या खेळात टॉड रॉजर्स यांच्या नावावरील ५.५१ सेकंदांचा विक्रम अनेक वर्षे ग्राह्य धरला गेला. पुढे आज्ञावलीचेच पृथक्करण झाले आणि ५.५७ सेकंदांहून कमी वेळ संभवत नाही असा निष्कर्ष निघाला. २०१८ च्या जानेवारीत 'ट्विन गॅलक्सीज' या विक्रमनोंदणी संस्थेने तो विक्रम रद्द केला. माणसाच्या साक्षीवर पाठाने मात केली, असे हे उदाहरण होय.

मात्र पाठ कोणता, या प्रश्नाकडे विक्रमांचे रसिक पुरेशा गांभीर्याने पाहत नाहीत, असे म्हणणे भाग आहे. १९९० नंतर मुंबई परिसरातील मध्यमवर्गीय घरांत 'मारिओ' आणि 'काँट्रा' आले ते मूळ यंत्रावर नव्हेत, तर त्याच्या स्वस्त नकलांवर. आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे, त्यांपैकी पुष्कळसे तेच ते पुन्हा. भारतातील दूरदर्शन संच पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० क्षेत्रांचे. या पद्धतीसाठी बनविलेल्या नकलेवर ६० फ्रेमसाठी रचलेला खेळ एकषष्ठांशाने मंद चालतो. २१ फ्रेमचे अंतर तेथे ०.४२ सेकंदाचे होते, आणि पाच मिनिटांच्या आतला खेळ जवळजवळ सहा मिनिटे घेतो. संगीताची लयही मंदावते. अशा संचावर ज्याचे बालपण गेले त्याला मूळ खेळ अनावश्यक घाईचा वाटावा, यात नवल नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना प्रांतोप्रांतीच्या हस्तलिखितांचे पाठभेद तळटीपांत जपून ठेविले. एखादी प्रत अशुद्ध आहे एवढ्यावरून तिला टाकून दिले नाही. द्रुतक्रीडेच्या नोंदीत मूळ यंत्राला प्रमाण मानणे योग्यच आहे. पण नकली यंत्रावरील खेळ हा सदोष खेळ नव्हे, तो निराळा पाठ आहे, आणि त्याचे वेळापत्रक स्वतंत्रपणे मांडले पाहिजे. त्यासाठी यंत्र आणि कॅसेट दोन्ही हाती असावी लागतात. अंबरनाथ-बदलापूरच्या घरांतील माळ्यांवर त्यांपैकी जी उरली असतील, ती तूर्त भंगारवाल्याच्या वाटेवर आहेत.