सटवाईचा लेख आणि ईडिपसचे नाव

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील अनेक घरांत मूल जन्मल्यानंतर पाचव्या अथवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाते. पूजेपाशी कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आहे. त्या रात्री सटवाई येते व बालकाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत. ‘षष्ठी’ या संस्कृत शब्दापासून निघालेले हे देवतानाम मराठीत ‘आई’ हे पद जोडून घरोघरचे झाले. ग्रीक पुराणकथांच्या प्रभावाची चर्चा बाळंतिणीच्या खोलीपासून सुरू करणे विक्षिप्त वाटेल. परंतु त्या चर्चेतील एक मोठा घोटाळा येथेच झालेला आहे.

इ. स. १९५० मध्ये इरावती कर्वे यांनी लंडनच्या ‘मॅन’ या मानवशास्त्रीय नियतकालिकात एक मराठी लोककथा इंग्रजीतून प्रसिद्ध केली. सटवाईची स्वतःची मुलगी आईला आपले भविष्य विचारते. तू आपल्याच मुलाशी लग्न करशील, असे उत्तर मिळते. ते टाळण्यासाठी ती पुरुषाचे दर्शनही नको म्हणून रानात राहते. पण पाण्याच्या निमित्ताने तिला गर्भ राहतो. झालेले मूल ती वस्त्रात गुंडाळून टाकून देते, ते दुसऱ्यांच्या घरी वाढते, आणि पुढे त्याच्याशीच तिचा विवाह होतो. वस्त्राच्या तुकड्यावरून तिला खरे काय ते कळते. ती कोणाजवळ बोलत नाही, संसार करते. कथा येथे संपते.

कर्वे यांनी या कथेस शीर्षक दिले ते ‘ईडिपस-कथेची मराठी आवृत्ती’ या अर्थाचे. परदेशी वाचकाला विषय चटकन कळावा, एवढाच त्यात हेतू असावा. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष असेल तर तो नंतरच्या वाचकांचा. ‘आवृत्ती’ म्हटले की मूळ ग्रंथ गृहीत धरला जातो आणि मूळ म्हणजे ग्रीक, हे न सांगताच ठरते. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ९३१ या क्रमांकाच्या प्रकाराला ईडिपसचेच नाव आहे. त्यामुळे या समजुतीला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखे झाले.

वस्तुतः दोन कथांतील साम्य एका प्रसंगापुरते आहे. सटवाईच्या कथेत पितृवध नाही. किंबहुना पिता जवळजवळ नाहीच. कथा मुलाची नसून आईची आहे. सॉफक्लीझच्या नाटकातील राजा अज्ञानात असतो व सत्याचा शोध घेत घेत स्वतःपाशी येऊन पोहोचतो; सटवाईची मुलगी पहिल्यापासून सर्व जाणते. तेथे नाट्य शोधात आहे, येथे ते कळल्यानंतरच्या मौनात. शिवाय ग्रीक कथा तरी एकच कोठे आहे? ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात आई गळफास घेते, पण ईडिपस पुढेही थीब्झमध्ये राज्य करीत राहतो. डोळे फोडून घेऊन नगर सोडणारा ईडिपस नाटकामुळे परिचित झाला. पुढे १९१० च्या सुमारास फ्रॉइडने त्याच्या नावाने एका मनोगंडाची संज्ञा रूढ केली. मराठीत हे नाव ज्या रूपात आले, तेच त्याचा मार्ग सांगते. ग्रीक उच्चार ‘ओइदिपूस’च्या जवळचा असून त्याचा अर्थ ‘सुजलेल्या पायाचा’ असा आहे. ‘ईडिपस’ हा इंग्रजी उच्चार होय. म्हणजे मराठीला लाभलेला ईडिपस अथेन्सहून आलेला नाही. इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने, व बहुधा व्हिएन्नाहून आलेला आहे.

ग्रीक कथांशी सटवाईचे नाते जोडावयाचेच असेल, तर ते दुसऱ्याच ठिकाणी जोडावे लागेल. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात मेलिएगर सात दिवसांचा असताना दैवदेवता येतात आणि चुलीतील लाकूड जळून संपताच याचे आयुष्य संपेल, असे सांगतात. या देवता, म्हणजे ‘मोइराई’, अर्वाचीन ग्रीसच्या लोकसमजुतीत जन्मानंतरच्या तिसऱ्या रात्री घरी येतात व बालकाचे प्राक्तन लिहितात. लेखणी, रात्र, नवजात बालक आणि येणारी स्त्रीदेवता, एवढे सर्व येथे जुळते. हे साम्य कोणी कोणाकडून घेतले म्हणून नाही. जन्मानंतरच्या धोक्याच्या दिवसांभोवती दोन्ही समाजांनी सारख्याच समजुती गुंफल्या असाव्यात. परंतु आई-मुलाच्या विवाहाने अभ्यासकांचे लक्ष इतके वेधून घेतले, की ज्या देवतेच्या लेखामुळे ही कथा घडते, ती देवताच तुलनेतून सुटली.

आता याच प्रदेशाशी जन्माने जोडलेल्या एका लेखकाकडे वळले असता उलट प्रकार दिसतो. वि. स. खांडेकर यांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली; तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला व १९७४ मध्ये खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्काराचा मान लाभला. या कादंबरीत ग्रीक नाव नाही, कथा आदिपर्वातील. पिता-पुत्रांच्या संबंधामुळे ययातिकथेला उलटा ईडिपस म्हणण्याची पद्धत मात्र पडली आहे : तेथे पुत्र पित्याला मारतो, येथे पिता पुत्राचे तारुण्य घेतो. हे वाक्य चटकदार आहे, पण त्याने कादंबरीतील काहीच उलगडत नाही, कारण तारुण्याची ही देवघेव महाभारतातच आहे.

खांडेकरांनी स्वतः घातलेली गोष्ट वेगळी आहे. महाभारतात अगस्त्याच्या शापाने नहुष सर्प होतो. शाप नहुषापुरता आहे. कादंबरीत तो वंशावर येतो : नहुषाची मुले कधीच सुखी होणार नाहीत. ययाति व त्याचा ज्येष्ठ बंधू यति ही जाणीव घेऊन जगतात, आणि एक भोगात व दुसरा विरागात तिच्यापासून पळू पाहतो. पित्याच्या अपराधाचे ओझे सबंध घराण्याने वाहावे, शापापासून दूर पळताना माणसाने त्याच्याच जवळ जावे, ही रचना आदिपर्वातील ययात्युपाख्यानापेक्षा थीब्झ व आर्गॉसच्या राजघराण्यांच्या कथांना अधिक जवळची आहे. ती खांडेकरांनी ग्रीक नाटकांतूनच घेतली, असा दावा करणे धाडसाचे होईल. इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मध्ये (१८८१) पित्याचे पाप मुलाच्या देहात उतरते. खांडेकरांच्या पिढीच्या मराठी वाचकाला इब्सेन अपरिचित नव्हता. अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ १९४१ चे. तेव्हा ग्रीक वंशशाप अशा मधल्या हातांतून फिरत मराठीत पोचला असणे संभवनीय आहे. सटवाईच्या कथेवर ग्रीक नाव चिकटले, पण तिच्यात ग्रीक काही नाही. ‘ययाति’त ग्रीक नाव कोठेच नाही, आणि प्रभावाचा संशय घ्यावयाचा तर तो तेथेच घेता येतो. गिरीश कार्नाडांचे कन्नड ‘ययाति’ १९६१ चे. त्या काळच्या आपल्या पाश्चात्त्य नाट्यवाचनाविषयी कार्नाडांनी स्वतःच लिहिले असल्याने तेथे अभ्यासकाचे काम सोपे आहे. खांडेकरांच्या बाबतीत ते संहितेवरूनच करावे लागते.

कन्नडचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. ए. के. रामानुजन यांनी १९६३ मध्ये उत्तर कर्नाटकातील एका खेड्यात सटवाईच्या कथेसारखीच कथा ऐकली व पुढे तिच्यावर विवेचन केले. त्या कथेतील आई सत्य कळल्यावर गळफास घेते. मराठी कथेतील आई जगते. एकाच कथेचे दोन भाषांत दोन शेवट आहेत आणि सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात या दोन्ही भाषा एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात बोलल्या जातात. (कर्वे यांची कथा छापली गेली तेव्हा या जिल्ह्याचे नावही ‘दक्षिण सातारा’ होते, ते १९६० मध्ये बदलले. नावांनी दिशाभूल होण्याचे हे निरुपद्रवी उदाहरण.) जत परिसरात ही कथा आढळलीच, तर सांगणारी बाई ती कोणत्या भाषेत सांगते, भाषा बदलताना शेवटही बदलते काय, आणि ऐकणाऱ्यांत लेकी-सुना असता व पुरुष असता त्यात फरक पडतो काय, हे प्रश्न विचारावयाचे आहेत. नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘ईडिपस’ असे लिहून निघालेला विद्यार्थी पितृवध शोधीत राहील. सांगणारीने शेवटी आईला जगविले की मारले, हे त्याच्या टिपणात येईलच असे नाही.